उन्हातल्या डब्या

"नाना, डब्या कुठायत?"

माजघरातलं टेबल रिकामं होतं. आदल्या संध्याकाळी मी त्यावर पांढरंशुभ्र कापड अंथरून माझ्या काचेच्या डब्या ओळीनं मांडल्या होत्या, एकेक पुसून, एकेकीवर नावाची चिठ्ठी चिकटवून. आता कापड तेवढं जागेवर होतं. मी नुकतीच न्हाऊन आले होते, केसांना पंचा गुंडाळलेला. पुण्याच्या मॅडमनी चिपळूण सोडल्याचा फोन येऊन गेला होता, म्हणजे आता कुठल्याही क्षणी गाडी दारात आली असती.

"नाना! अहो, डब्या कुठे ठेवल्यात?"

ओ नाही. नाना म्हणजे माझे सासरे. मुंबईच्या गोदीत उभा जन्म नोकरी करून गावी परतलेला माणूस. दिवसाला चार वाक्यं बोलले तर त्या दिवशी काहीतरी विशेष असायचं. हाकेला ओ देणं तर त्यांनी कधी शिकूनच घेतलं नव्हतं. मी तणतणत पडवीत आले, खळ्यात बघितलं आणि हातातला कंगवा खाली पडला.

खळ्याच्या मधोमध, सारवलेल्या जमिनीवर, भर उन्हात माझ्या सगळ्या डब्या मांडलेल्या. झाकणं काढून. शेजारी खुर्ची टाकून नाना बसलेले, हातात कावळे हाकायची काठी.

"हे काय केलंत?"

"गोठलं होतं," नाना म्हणाले. "थंडी पडलीय. पातळ करून ठेवलं."

मी धावत गेले आणि पहिली डबी उचलली. काच हाताला चटका देत होती. आदल्या दिवशी डबी गच्च भरलेली होती, वर लोण्यासारखं टोक काढलेलं. आता तळाशी नितळ तेल डुचमळत होतं आणि वर निम्मी डबी हवा. दुसरी तशीच, तिसरीही तशीच. मी मग मोजायचं सोडलं आणि तिथेच मटकन खाली बसले.

ज्यांच्या घरी हिवाळ्यात खोबरेल गोठतं त्यांना मी काय सांगायचं? थंडी सुरू झाली की सकाळचं पहिलं काम म्हणजे तेलाची बाटली उन्हात नेऊन ठेवणं. अंघोळीचं पाणी तापेस्तोवर तेल पातळ होतं. आमच्याकडे ते काम नानांचं. मुंबईहून कायमचे परत आल्यावर त्यांनी घरातलं दुसरं काही काम आपणहून अंगावर घेतलं नव्हतं, पण ही बाटली मात्र ते नेमानं उन्हात ठेवायचे, ऊन सरकलं की बाटलीही सरकवायचे.

पण माझ्या डब्यांतलं तेल गोठलेलं राहावं म्हणूनच तर मी आख्खा पावसाळा जिवाचं रान केलं होतं!

झालं होतं असं. माझं लग्न झालं तेव्हा आम्ही डोंबिवलीत राहायचो, मी आणि माझा नवरा जयवंत. मग माझ्या सासूबाई, म्हणजे माई, अंथरुणाला खिळल्या आणि मी त्यांच्या सेवेला गुहागरजवळच्या या गावी आले. माई गेल्या. नाना एकटे, वाडीत नारळ पडून राहिलेले. 'थोडे दिवस राहते' म्हणता म्हणता मी राहिले ती राहिलेच. खरं सांगायचं तर मला तिथं आवडायला लागलं होतं. डोंबिवलीत मी कोण होते? जयवंतची बायको, दुसऱ्या मजल्यावरची. इथं वाडीत सकाळी पाय टाकला की दिवसभर कुणाला विचारायला लागायचं नाही.

एका शिबिरात मी तेल काढायला शिकले. ताज्या नारळाचं घट्ट दूध काढायचं, ते तसंच ठेवायचं, वर साय धरते, साईतून तेल सुटतं. चुलीवर चढवायचं नाही. तेल पाण्यासारखं नितळ निघतं आणि वास नुकत्याच फोडलेल्या नारळाचा. बाजारात त्याला व्हर्जिन कोकोनट ऑइल म्हणतात. शेजारची कुंदा माझ्याबरोबर खोबरं खवायला यायची. तिला मी या शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली.

"अगो, म्हणजे घाण्याच्या तेलानं काय कुणाचं घर बुडवलंन?"

पुण्याच्या ऋता कर्णिक मॅडमची नैसर्गिक प्रसाधनांची दुकानं होती. त्यांना मी तेलाची बाटली पाठवली. त्यांचा फोन आला, "वृंदाताई, तेल सुरेख आहे. पण तेल मला कुठेही मिळतं. मला क्रीम द्या. पाण्याचा थेंब नको, कृत्रिम वास नको. बोट बुडवून वर काढलं तर टोक उभं राहायला हवं."

बोलायला काय जातंय? खोबरेलाचं टोक उभं करायचं, तेही कोकणात, जिथे माणूस सुद्धा दुपारी उभा राहत नाही.

नुसतं तेल बर्फाच्या परातीत ठेवून घुसळलं. सकाळी छान फुललं, दुपारी बसलं. मधमाश्यांचं मेण घातलं. त्याचा असा चिकट गोळा झाला की कुंदा म्हणाली, "हे गालाला लावलं तर माशी बसलेली उठायची नाही." मग मला आठवलं आमचं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. टाचांच्या भेगांना लावतात ते. ते खोबरेलात मिसळून बघितलं. घट्ट झालं, पण रवा धरला. रवाळ तूप चालतं, रवाळ क्रीम कोण घेणार? मुठेल कमी केलं तर पाघळायचं, जास्त केलं तर दगड. मिश्रण भराभर थंड केलं तर वेगळं, सावकाश केलं तर वेगळं. कधी डबीत मुंग्या, कधी पावसात रवीला बुरशी. एकदा सगळं जमलं म्हणून पार्सल पुण्याला पाठवलं, तर मॅडमना डब्यांऐवजी तेलकट पुठ्ठा मिळाला. मी देवासमोर रडले, कुंदासमोर रडले, आणि एकदा तर चक्क मिक्सरसमोर रडले.

त्या सगळ्या दिवसांत नाना पडवीत पहारीवर नारळ सोलत बसलेले असायचे. मी त्यांना ऐकवत असायचे. ऐकायला दुसरं होतं कोण? "नाना, आज पुन्हा रवा धरला." "नाना, हे मेलं ऊन आलं की संपलं, बघता बघता पाणी." ते मान हलवायचे आणि नारळ सोलायचे. पालथ्या घड्यावर पाणी. पण काहीतरी ऐकत असावेत, कारण एके दिवशी बाहेरून येऊन बघते तर पडवीतलं माझं टेबल माजघरात गेलेलं. "तिथं सकाळची उन्हं येतात," एवढंच म्हणाले. मला बरं वाटलं होतं. त्या माणसाकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

शेवटी थंडीच्या तोंडावर जमलं. ते कसं, किती वाटा आणि कुठल्या वेळी घुसळायचं, ते मी आजही कुणाला सांगत नाही. कुंदानं बोट बुडवून वर काढलं आणि ओरडली, "अगो बाई, उभं राहिलं!" आम्ही दोघी खुळ्यासारख्या नाचलो. अंगाला लावलं की वितळायचं, सावलीत ठेवलं की राहायचं. मॅडमना फोटो पाठवला. त्या म्हणाल्या, "मी स्वतः येते. माल तुमच्याच घरी बनतो हे मला डोळ्यांनी बघायचंय. बघितलं, पटलं, तर वर्षभराची मागणी तिथेच पक्की करू."

आणि ही मागणी मला का हवी होती तेही सांगते. मुंबईच्या एका हॉटेलवाल्याला आमची वाडी हवी होती, झाडांमध्ये खोल्या बांधायला. जयवंतचं म्हणणं, देऊन टाकावी भाड्यानं, नानांना आणि मला डोंबिवलीला न्यावं. लोक मला तोंडावर बोलायचेच, 'नवरा तिथं, बायको इथं, पाळणा हलायचा कसा?' मी हट्ट धरला होता. मग असं ठरलं, की पुण्याची मागणी पक्की झाली तर वाडी राहील आणि मीही राहीन. नाही झाली तर संक्रांतीनंतर हॉटेलवाला. जयवंत म्हणाला ठीक. नानांनी मान हलवली. ती होय म्हणून हलवली की नुसतीच, ते मी विचारलं नाही.

तर असा हातातोंडाशी आलेला घास, आणि तो उन्हात मांडून, काठी घेऊन राखत बसलेले माझे सासरे.

"नाना, हे क्रीम होतं! क्रीम! मी तुम्हाला किती वेळा..." माझा आवाज फाटला. "झाकणं पण काढलीत?"

"हवा लागावी म्हणून."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. "एवढं आयुष्य मुंबईत काढलंत, डोकं तिथंच ठेवून आलात का" असंही बोलले असेन. नाना उठले नाहीत, चिडले नाहीत. एक कावळा डब्यांकडे सरकला, तेवढा त्यांनी हाकलला.

कुंदा कुंपणाच्या गडग्यावरून वाकून बघत होती. पदर खोचत आत आली, डब्यांकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"आता काय करायचं गो?"

"फ्रिजमध्ये घालायचं, गार करायचं, परत घुसळायचं."

"आणि बाई येईपर्यंत?"

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

मॅडम चांगल्या होत्या, वाईट कसं म्हणू? चप्पल बाहेर काढून आल्या, वाडी बघून "वा" म्हणाल्या, तेल काढायची माझी जागा बघितली, गाळणी बघितली, नखं कापलेली आहेत का तेही बघितलं. मी तोंडानं बोलत होते आणि मनात एकच चाललं होतं, कसंबसं दुपारपर्यंत थांबवायचं. आणि नाना! त्या दिवशी नानांना कंठ फुटला होता. आपणहून शहाळं सोलून आणलं, "घ्या, गोड आहे" म्हणाले, मॅडमच्या ड्रायव्हरची चौकशी केली. मी बघतच राहिले. मला वाटलं, चूक कळलीय, सावरायला बघतायत.

"आता आपलं क्रीम," मॅडम म्हणाल्या.

मी खरं ते सांगितलं. लपवणार काय? डब्या तोवर माजघरात आणून ठेवल्या होत्या, सगळ्या तेलानं निम्म्या भरलेल्या.

"थंडीनं गोठलं होतं हो," नाना मागून म्हणाले. "मी पातळ करून ठेवलं."

मॅडम हसल्या. मनापासून हसल्या. "आजोबा गोडच आहेत तुमचे."

त्या हसण्यानं माझ्या अंगाचा भडका उडाला, पण दात आवळून मी म्हटलं, "मॅडम, दुपारपर्यंत थांबा. तुमच्यासमोर गार करते, तुमच्यासमोर घुसळते. टोक उभं राहिलं नाही तर नाव बदलीन."

"मला रत्नागिरीला पोचायचंय, तिथं लोक वाट बघतायत." मॅडमनी एक डबी हातात घेऊन तिरकी केली, तेल या कडेवरून त्या कडेला गेलं. "आणि वृंदाताई, प्रश्न आज टोक उभं राहतं का हा नाहीच. सकाळच्या उन्हात, डिसेंबरात, तुमच्या स्वतःच्या घरात याचं हे झालं. माझी गिऱ्हाइकं डबी गाडीत ठेवतात, खिडकीत ठेवतात. एप्रिलमध्ये मी त्यांना काय सांगू?"

"सावलीत ठेवा म्हणून सांगा! लोणी कुणी उन्हात ठेवतं का?"

"घरच्या माणसानं ठेवलंच की."

मी नानांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या माईंच्या फोटोकडे बघत होते.

"उन्हाळ्यात टिकेल असं काही जमलं तर मला नक्की फोन करा," मॅडम दारात म्हणाल्या. शहाळ्याबद्दल नानांचे आभार मानले. गाडी गेली. धूळ खाली बसली तरी मी दारातच उभी होते.

"आपलेच दात, आपलेच ओठ," कुंदा पुटपुटली. "चावणार कुणाला?"

पुढचं सगळं भराभर झालं. जयवंत फोनवर म्हणाला, "जाऊ दे ना. म्हातारा माणूस, त्यांना काय कळणार? भलं करायला गेले बिचारे." त्याच्या आवाजात हळहळ होती, पण तिच्याखाली सुटल्याचा आनंदही होता, तो मला ऐकू आला. सुंठीवाचून खोकला गेला होता त्याचा. मी म्हटलं, मला उन्हाळ्यापर्यंत मुदत द्या, मुठेलाचं प्रमाण वाढवून बघते, अजून एक युक्ती आहे डोक्यात. पण ठरलं म्हणजे ठरलं. हॉटेलवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची घाई होती. जो तो मला हेच सांगायचा, नानांवर रागावू नकोस, त्यांनी प्रेमानं केलं. अरे, प्रेमानं केलं म्हणून मी रडायचं पण नाही का?

डब्यांतलं तेल नानांनी एका पत्र्याच्या डब्यात ओतून घेतलं, एक थेंब वाया घालवला नाही. निघताना तो डबा त्यांच्या मांडीवर होता. उरलेला हिवाळाभर डोंबिवलीत नाना तेच तेल अंगाला लावायचे. आख्ख्या घराला वाडीचा वास यायचा आणि मी स्वयंपाकघरात दात खात पोळ्या लाटायचे.

पण राग किती दिवस टिकवणार? मुक्ता झाली. माझी मुलगी. नाना तिला मांडीवर घेऊन तेल चोळायचे, ती खिदळायची. मला एका मोठ्या दुकानात नोकरी लागली, प्रसाधनांच्या काउंटरवर. तिथं मी व्हर्जिन कोकोनटची क्रीम विकते. डबीवर नारळाचं एवढं मोठं चित्र असतं. मागची बारीक अक्षरं वाचली तर पहिलं पाणी, मग कसली कसली नावं, आणि आपलं खोबरेल पार तळाला, सुवासाच्याही खाली. ती क्रीम उन्हात ठेवा, आगीत ठेवा, हलत नाही. हलणार काय, त्यात आहेच काय वितळायला? गिऱ्हाईक वास घेऊन म्हणतं, "आहा, अगदी नारळ!" आणि मी हसून बिल करायला पाठवते.

आणि हळूहळू ती डब्यांची गोष्ट आमच्या घरातली गंमत झाली. पाहुणे आले की मीच सांगायचे, नानांच्या आवाजाची नक्कल करून, 'गोठलं होतं, पातळ करून ठेवलं!' लोक हसून लोटपोट व्हायचे. जयवंत तर आधीच हसायला लागायचा. नाना खुर्चीत बसून ऐकायचे. हसायचे नाहीत, पण ते तसेही कशाला हसतात?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आदल्या संध्याकाळी जयवंतच्या ऑफिसातले लोक जेवायला आले होते आणि मी ती गोष्ट सांगून सगळ्यांना हसवलं होतं. सकाळी मुक्ता शाळेत गेली, जयवंत कामावर गेला. मी दुकानात जायची तयारी करत होते. डोंबिवलीत सुद्धा त्या दिवशी तेल गोठलं होतं, म्हणून गॅलरीत जिथे हातभर ऊन येतं तिथं मी नानांची बाटली ठेवली. नाना कमरेला पंचा गुंडाळून स्टुलावर बसले होते. आता त्यांच्या हाताला कंप असतो, म्हणून बाटली मीच ठेवते.

"वृंदा," ते म्हणाले, "ती गोष्ट आता सांगत जाऊ नकोस."

"का हो? एवढ्या वर्षांनी लाज वाटायला लागली?"

"खोटी आहे ती."

मी हसले. "खोटी कशी? मी होते की तिथं."

"मला माहीत होतं," नाना म्हणाले. "उन्हात त्याचं काय होतं ते. तू रोज तर सांगायचीस. टेबल मीच नव्हतं का आत नेलं?"

मी वेणी घालत होते. हात तिथंच थांबले. टेबल! तिथं सकाळची उन्हं येतात म्हणून माजघरात सरकवलेलं टेबल. एवढ्या वेळा मी ती गोष्ट सांगितली आणि एकदाही त्यात टेबलाचं सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मुद्दाम केलंत?"

"हो."

"झाकणं काढून?"

"झाकण असलं तर वेळ लागला असता. बाई यायची होती."

एवढ्या शांतपणे कुणी सांगतं का? अर्धी वेणी तशीच सोडून मी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिले.

"तुझी सासू," नाना सावकाश बोलायला लागले, "जन्मभर त्या वाडीत राहिली. मी गणपतीत यायचो, मे महिन्यात यायचो. पैसे पाठवायचो. मला वाटायचं, नोकरी संपली की आहेच की सगळं. संपली. गेलो. तर तिला माझ्याशी काय बोलावं तेच सुचेना. पाहुण्याला वाढावं तसं मला वाढायची. 'अजून भात घ्या' म्हणायची, पण माझ्याकडे बघायची नाही. मलाही काही सुचायचं नाही. तशीच गेली ती. मग तू तिच्या जागी बसलीस, तिच्याच पाटावर, तिच्याच विळीवर खोबरं खवत. जयवंत महिन्यांनी यायचा, तू त्याला वाढायचीस. मी पडवीतून बघायचो. तुझी मागणी पक्की झाली असती तर तू तिथंच..."

"ते माझं मी बघितलं असतं!"

"तिनंही हेच म्हटलं असतं."

"मी माई नाही, नाना! मी काही तिथं वाट बघत बसले नव्हते. मी काम करत होते. मला आवडत होतं ते! आख्खा पावसाळा राबले होते मी, ते टोक उभं करायला. तुम्ही विचारायचंत मला. एकदा तरी विचारायचंत!"

"विचारलं असतं तर तू राहते म्हणाली असतीस."

"हो! म्हणालेच असते!"

"म्हणून नाही विचारलं."

गॅलरीतल्या कठड्यावर मुक्ताचा धुतलेला फ्रॉक वाळत होता. नानांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आणि ही?" ते म्हणाले. "तिकडे राहिली असतीस तर ही झाली असती?"

आता याला काय उत्तर द्यायचं, सांगा. झाली असती म्हणू? कुणास ठाऊक. नसती झाली तर चाललं असतं म्हणू? ते कुठल्या तोंडानं म्हणू? माणसानं आपला घास मातीत घालावा, आणि वर पदरात असं काही टाकावं की तोंड उघडायची सोय राहू नये. त्या उन्हातल्या सकाळपेक्षा मला या सकाळी जास्त राग आला. तेव्हा मी निदान ओरडू शकत होते.

बाटलीतलं तेल कडेनं सुटायला लागलं होतं. नानांनी हात तिच्याकडे नेला. मी आधी उचलली. स्वयंपाकघरात गेले, फ्रिज उघडला, दुधाच्या पातेल्यामागे बाटली आडवी टाकली आणि दार लावलं. पर्स घेतली आणि गेले कामावर.

नानांनी त्या दिवशी कोरड्या अंगानं अंघोळ केली.

दुकानात दिवसभर मी कुणाशी धड बोलले नाही. एका बाईनं विचारलं, "यात खरंच नारळ आहे ना?" मी म्हटलं, "चित्रात आहे." मॅनेजरनं बघितलं माझ्याकडे, बघू दे.

संध्याकाळी घरी आले. मुक्ता अभ्यास करत होती. मी पाणी प्यायला फ्रिज उघडला. बाटली मी टाकली होती तशीच आडवी, दगड झालेली. कुणी हात लावला नव्हता. मागे चाहूल लागली. स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला धरून नाना उभे होते. थंडीनं त्यांच्या हातांवर पांढरे ओरखडे उठले होते.

"वृंदा," ते म्हणाले, "उद्या सकाळी ती बाटली उन्हात ठेवू का?"

एवढ्या वर्षांत काही करायच्या आधी त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं होतं.

"नाही," मी म्हटलं.